तिच्या पायांची तीन मापं

माझी बायको ज्या दुखण्यात गेली, ते दुखणं घरात सगळ्यांच्या आधी मी पाहिलं होतं. पाहून मला राग आला होता. राग तिचा नाही, माझ्या स्वतःच्या हातांचा. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे.

तेव्हा मी सौंदडच्या शाळेत मास्तर होतो आणि रविवारी चामड्याचं काम करत होतो. पोटासाठी नाही, हौस म्हणून. आमचं घर धानाच्या शेतीवाल्यांचं. त्या घरातला शिकलेला माणूस रापी आणि आरी घेऊन बसतो, हे गावाला काही पचत नव्हतं. मास्तरले याड लागलं, असं लोक माझ्या तोंडावर म्हणत. माझ्या आईनं तर एकच फर्मान काढलं होतं, "चामड्याचं घरात आनू नोको." म्हणून मी मागच्या वाडीत गुरांच्या कोठ्याशेजारी एक छपरी बांधून घेतली आणि तिथं बसू लागलो.

शिकवलं मला स्टेशनाजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मोच्यानं. चपलेचा अंगठा शिवायला गेलो आणि दोन तास त्याचे हात पाहत उभा राहिलो, तिथून हे खूळ लागलं. त्यानं पहिली गोष्ट शिकवली ती अंगठा दाबण्याची. चामडं पाण्यात भिजवायचं, बाहेर काढून थोडं सुकू द्यायचं आणि मग अंगठ्यानं दाबून पाहायचं. खळगा लगेच भरून आला तर चामडं तयार नाही. खळगा तसाच राहिला तर आत पाणी बरोबर मुरलं, आता त्याला हवा तो आकार द्या. "अंगठ्याले इचारा, डोळ्याले नोको," असं तो म्हणायचा.

रंगाचा मात्र मला फार अभिमान होता. हिरड्याच्या काढ्यावर गंजक्या खिळ्यांचं आंबवलेलं पाणी फिरवलं की चामडं डोळ्यांदेखत काळं होत जाई. लाखेच्या पाण्यानं तांबडा रंग चढे, पण तो लहरी. एका हाताला गडद, तर दुसऱ्या हाताला फिका. कडा मी भाताच्या पेजेनं घासून गुळगुळीत करायचो आणि शेवटी मोहाच्या बियांच्या तेलाचा हात द्यायचो. फळ्यावरचं माझं अक्षर जसं कुणी नाव ठेवणार नाही असं होतं, तसंच हे काम व्हावं असा माझा हट्ट होता. चूक झाली की मी स्वतःवरच इतका चिडायचो की बायको छपरीकडे फिरकायची नाही.

आमच्याकडच्या बायका त्या काळी अनवाणीच चालत. सासूसासऱ्यांपुढे पायात काही घालणं म्हणजे उद्धटपणा. पण तिच्या टाचांच्या भेगांतून उन्हाळ्यात रक्त यायचं, आणि माहेरची वाट होती तीन कोसांची. मी म्हटलं, तुला एक जोड करतो. ती म्हणाली, "गावाबाहेर गेल्यावर घालीन जी. तवरक टोपलीत ठेवीन." चैत्रात एका दुपारी ती माझ्या जुन्या कागदावर उभी राहिली. पेन्सिल पावलाच्या कडेनं फिरली तशी तिला गुदगुल्या झाल्या आणि रेघ करंगळीपाशी वाकडी गेली. मी रागावलो, ती आणखी हसली. कागदाच्या कोपऱ्यात मी सुवाच्य अक्षरात 'चैत्र' असं लिहिलं.

तांबड्या रंगानं मला दोनदा फसवलं, त्यामुळे जोड व्हायला आषाढ उजाडला. धानाची रोवणी सुरू झाली होती. ती बांधीतल्या चिखलातून आली, पाय धुतले आणि छपरीत येऊन चप्पल घालून पाहिली. पट्टा पायाच्या वरच्या अंगाला करकचून बसला. "दाबते जी जरासं," ती म्हणाली. मी म्हटलं, उन्हात वाळवायची घाई केली, चामडं आटलं. पुन्हा माप घेतलं. पाऊल बोटभर मोठं भरलं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. रोवणीत दिवसभर चिखलपाण्यात उभं राहून आमच्याकडे सगळ्यांचेच पाय फुगतात, बोटं पांढरी पडतात. ज्या मुलखात धान पिकत नाही, तिथल्या माणसानं सुजलेला पाय पाहून वैद्य गाठला असता. मी कागदावर 'आषाढ' लिहिलं.

दुसरा जोड मी काळा केला. तो पोळ्यानंतर झाला. रोवणी केव्हाच संपली होती, सगळ्यांचे पाय पुन्हा पहिल्यासारखे झाले होते, आणि मला भीती होती की आता हा सैल होणार. तो घट्ट झाला. मी हातातली रापी भिंतीवर फेकली. ती म्हणाली, "काऊन एवढे चिडता? माहेच पाय माजले असतीन." आणि हसली. चप्पल काढली तर पट्ट्याचा वळ तसाच राहिला. मी त्या वळाजवळ सवयीनं अंगठा दाबला. खळगा पडला आणि भरून आला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते होतं, माझ्या अंगठ्याखाली होतं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, पट्टा कडक झाला, तेल कमी पडलं.

दिवाळीनंतर तिसरं माप घेतलं तेव्हा तिला कागदावर उभं राहायला माझ्या खांद्याचा आधार लागला. ती पूर्वीसारखी हसलीही नाही. दम लागून राहिला, एवढंच म्हणाली. तरी मी तिसरा जोड शिवला, आणि तोही दाबला तेव्हा तिन्ही जोड आणि तिन्ही कागद पिशवीत घालून स्टेशनाकडे गेलो. म्हाताऱ्याशी भांडायलाच गेलो होतो. त्यानं मला वाईट चामडं दिलं, असं माझं म्हणणं होतं.

त्यानं चामड्याला हातही लावला नाही. कागद मागितले, एकावर एक ठेवले आणि उजेडापुढे धरले. एका रेघेबाहेर दुसरी, दुसरीबाहेर तिसरी. मग म्हणाला, "गुरुजी, चामड्याले कायले नाव ठेवता? चामडं नाई आटलं. बाईले दवाखान्यात न्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीनं गोंदियाला गेलो. डॉक्टरनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला आणि खळग्याकडे पाहत राहिला. मला पुढचं काही ऐकायची गरज नव्हती. "कब से सूजन है?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "दिवाळीपासूनच जी." तिला खरंच तेवढंच ठाऊक होतं. तिन्ही कागद माझ्या कोटाच्या खिशात होते, महिन्यांची नावं घातलेले. मी ते बाहेर काढले नाहीत. मास्तर माणूस, बायकोचं दुखणं आषाढापासून कागदावर उतरवत बसला आणि त्याला कळलं नाही, हे त्या परक्या माणसापुढे कबूल करायची मला लाज वाटली. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय. औषध दिलं, मीठ बंद केलं. आधी आणलं असतं तर काही झालं असतं का, हे मी विचारलं नाही. आजही मला ते उत्तर नको आहे.

आळणी जेवणानं पौषात सूज उतरली. घरात सगळ्यांना वाटलं, वाचली. एका सकाळी ती छपरीत आली, खुंटीवरचा पहिला तांबडा जोड काढला आणि पायात घातला. बरोबर बसला. ती तशीच अंगणात गेली, तुळशीपर्यंत चालली आणि परत आली. आई ओसरीवर धान निवडत बसली होती. तिनं पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा धान निवडू लागली. बायको माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पहिलंच माप बराबर होतं जी तुमचं. उगाच सोताले शिव्या देत राहिले." मी हो म्हणालो. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तो मला मोडवला नाही, आणि पंधरा दिवसांत सूज परत आली.

फाल्गुनात ती गेली. ज्या वाटेसाठी जोड केला होता, ती माहेरची वाट तिनं चपला घालून एकदाही चालली नाही.

तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावानं वहाणा दान देतात. मी सामान आणायला विसरलो होतो, किंवा मला आणवलं नाही. आई उठून वाडीत गेली. ज्या बाईनं चामडं कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, ती तिन्ही जोड पदरात घेऊन आली आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवून म्हणाली, "यातला तिच्या मापाचा कोनता रे?"

तिन्ही तिच्याच मापाचे होते. ते सांगताना मी आईसमोर पहिल्यांदा रडलो, आणि मग कोटाच्या खिशातले कागद काढून तिच्या हातात दिले.