विमानतळाकडे, सावकाश

बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये माणूस बाळसं घेऊन शिरतो आणि कवळी लावून बाहेर पडतो. त्या दुपारी विमानतळाच्या बसमध्ये माझंही तेच चाललं होतं. पुण्याचं विमान चुकायच्या बेतात होतं आणि मी ड्रायव्हरचं डोकं खात होतो.

शेजारी एक गृहस्थ होते. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून त्यांची मुलगी झोपली होती. ते इतके निश्चल, की एखाद्या कबुतरानं खुशाल घरटं बांधावं. नाकावरून घसरलेला चष्माही सावरत नव्हते. सिग्नल लाल झाला की मात्र गालातल्या गालात हसायचे.

"काका, तुमचं विमान चुकणार नाही?"

"हळू बोला," ते कुजबुजले. "ही कॅनडाला चाललीय. विमान रात्री आहे. ट्रॅफिकची भीती घालून मीच लवकर काढलं हिला."

"मग घरीच बसायचं की निवांत!"

"घरी ती सगळ्यांची असते हो. बसमध्ये माझ्या एकट्याची."

खिडकीबाहेर ऊन, नारळाची झाडं, गाड्या, सगळं दुधावरच्या सायीसारखं संथ हलत होतं. मलाही गुंगी आली. पण हेब्बाळ ओलांडलं, रस्ता मोकळा झाला आणि बस उधळली. विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीची पाटी दिसली तसा त्यांचा चेहरा उतरला.

मी उठलो, पुढे गेलो आणि ड्रायव्हरच्या कानाशी वाकलो. "अण्णा, स्वल्प हळू घ्या."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाटेतच वेडा झालो होतो.