पेटीच्या वर ठेवलेली मतं

सुमे, अशी जवळ ये आणि कान इकडे कर, मला तुला रागवायचं आहे. ‘आजी, सुट्टीत तुझ्याकडे येऊ का?’ असं पत्रात लिहिलंस ना? आजीच्या घरी यायला परवानगी मागतेस? आमचे मोकळेभाऊ असते तर ते पत्र तुला उलट टपालानं परत आलं असतं.

‘येऊ का, जाऊ का, घेऊ का’ हे शब्दच त्या माणसाला सोसत नसत. मी नवी सून होऊन तलावाकाठच्या टोलीत, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या आपल्या वस्तीत, आले, तेव्हा शेजारच्या त्यांच्या विहिरीवर जाऊन विचारलं, “भाऊ, पाणी भरू का?” जाळं विणता विणता मानही वर न करता म्हणाले, “मले काऊन विचारून राह्यली? तहान तुयी, हात तुये. दोर तेवढा जपून सोड, जुना हाय.” खरं नाव त्यांचं काही वेगळंच होतं, पण टोली त्यांना मोकळेभाऊच म्हणायची. “जाळं मासोळीसाठी असते, माणसासाठी नाई,” हे त्यांचं बोलणं मी हजारदा ऐकलं असेल.

आमची सगळी टोली तलावावर जगायची. त्या तलावाची पाळ आमच्याच आज्या-पणज्यांनी डोक्यावर माती वाहून बांधलेली. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा आम्ही वेड्यांनी गूळ वाटला! तलाव मालगुजाराकडून सुटला तो सरकारात गेला, मासोळीचा लिलाव झाला आणि कुठला तरी ठेकेदार आमच्या पाण्याचा धनी झाला. ज्या पाण्यात माझे सासरे पोहायला शिकले, तिथं जाळं टाकलं म्हणून ठेकेदाराच्या चौकीदारानं भर पाळीवर त्यांचं जाळं फाडलं. एवढं लिहून लेखणी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली, बघ.

त्याच सुमारास चांद्याचे एक वकीलसाहेब देशाच्या पहिल्याच निवडणुकीला उभे राहिले. पक्ष एवढासा. सरकारनं माणसाच्या कामात कमीत कमी हात घालावा, एवढंच त्यांचं म्हणणं; त्याला ते ‘मोकळीक’ म्हणत. चिन्ह होडी. ‘निवडून आलो तर तलावाचा प्रश्न धसास लावीन,’ असा त्यांनी शब्द दिला. झालं! मोकळेभाऊ पत्रकांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन गावोगाव पायी फिरले. स्वतःला अक्षर जेमतेम ओळखता यायचं, पण पत्रक तोंडपाठ.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पडद्याआड जायचं आणि आपल्या चिन्हाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. दुसऱ्या पक्षांची माणसं पत्र्याच्या डब्याला चीर पाडून बायांना शिकवत फिरत होती. आमच्या टोलीत मात्र कोणी फिरकलं नाही. मी मोकळेभाऊंना म्हटलं, “तुम्ही तरी दाखवा ना.” तर म्हणाले, “मत कसं द्यावं हे सांगणं म्हणजे दुसऱ्याचा हात धरणं. मी नाई धरत.”

आता आमची रीत ऐक. जाळ्याच्या पहिल्या ओढीची पहिली मासोळी पाळीवरच्या दगडावर तलावमायेला ठेवायची. ठेवायची, खुपसायची नाही. द्यायची वस्तू अशी खुपसून देतात का कोणी? आम्ही बाया नेसणं नीट करून पडद्याआड गेलो, होडीच्या पेटीला हात जोडले आणि चिठ्ठी पेटीच्या वर ठेवली. दुसरीनं पहिलीचं पाहून ठेवली. कोणीतरी पळसाचं फूलही ठेवलं. संध्याकाळी मतदानावर नेमलेला सरकारी साहेब म्हणाला, जी चिठ्ठी पेटीच्या आत नाही, ती मोजायची नाही. अख्ख्या टोलीच्या बायांची मतं रद्द! त्या ढिगात एक माझी होती, सुमे.

वकीलसाहेब पडले. चार दिवसांनी पक्षाचं पुढं काय करायचं ते ठरवायला आले आणि चावडीवर खाटेवर बसून म्हणाले, “अशा अडाणी लोकांत आपल्या पक्षाला भवितव्य नाही. पुढच्या खेपेला जुन्या मालगुजारांना हाताशी धरू. त्यांच्या शब्दावर गाव मत देतं.”

मोकळेभाऊ उभे राहिले. एरवी बसल्या बसल्या बोलणारा माणूस.

“अडाणी कोणाले म्हणता, साहेब? देवाले द्यावं तसं देलं बायायनं. चूक मायी. मी शिकवलं नाई. पण मालगुजाराच्या शब्दावर मत घ्यायचं असन, तं मंग मोकळीक कायले म्हणता तिले?”

“अहो, पक्ष म्हटला की तडजोड आलीच.”

“तं मंग पक्ष तुमचा तुमी घेऊन जा. पत्रकं तेवढी राहू द्या.”

साहेब गेले ते गेलेच. तलावाचा शब्दही त्यांच्याबरोबर गेला. अडाणी आम्ही, आणि दिलेला शब्द चावडीवर टाकून जाणारे शहाणे!

दुसऱ्या दिवशी मोकळेभाऊंनी तेलाच्या डब्याला चीर पाडली. घरोघर जाऊन बायांच्या हातात पत्रकाचा तुकडा द्यायचे आणि म्हणायचे, “आता हात धरतो, बाई, माफ कर. आत टाक.” उरलेली पत्रकं त्यांनी माझ्यापुढं आणून ठेवली. शाळेची पायरी मी कधी चढले नाही; अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. मला जुळलेला पहिला शब्द होता ‘कमीत’. त्याचा काय अर्थ लागणार? पण मोकळेभाऊंनी मुलगा झाल्यासारखी साखर वाटली.

पुढची निवडणूक त्यांनी पाहिली नाही. त्याआधीच्या पावसाळ्यात तापानं गेले. निवडणूक आली तेव्हा होडी कुठंच नव्हती. मत द्यायला आम्ही बाया शिकून तयार, आणि पक्षच नाही! तलावाचा लिलाव त्याही वर्षी झाला.

तो डबा माझ्या फळीवर आहे. चीर गंजली आहे, पण कागद अजून आत जातो. ये लवकर आणि बघ. दाराशी उभी राहून ‘येऊ का?’ म्हणालीस तर मात्र उत्तर देणार नाही. कडी आतून लावलेली नसते, एवढं सांगून ठेवते.