नवरीची गाडी उठेपर्यंत

इथे मस्कतला, गॅरेजात तापलेल्या रबराचा वास आला की मला खापरखेड्याच्या कॉलनीतली ती पांढरी दुपार आठवते. नववीतच शाळा सोडलेल्या मी मोठ्या हौसेनं एक जुनी, लांबलचक जर्मन गाडी घेतली होती. तिचं दुखणं घेतानाच ठाऊक होतं. इंजिन बंद करून उभी राहिली की मागच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी असलेल्या रबरी फुग्यांतली हवा जायची आणि गाडी म्हशीसारखी बसायची. नवरीच्या पाठवणीचं तिचं ते पहिलंच काम. इंजिन तापेल या धास्तीनं मी ते बंद ठेवलं, आणि इकडे रडारड लांबत गेली. नवरी आत बसली, मी चावी फिरवली, तेव्हा मागच्या झेंडूच्या माळा धुळीला टेकल्या होत्या. "काहून गा, गाडीलेबी रडू आलं का?" वरातीतलं कुणी ओरडलं. फुग्यांत हवा भरणारा कंप्रेसर गुरगुरू लागला. गाडी झोपेतून उठल्यासारखी सावकाश वर येत होती आणि सगळे बघत होते. आता पुन्हा कोणी आपल्याला बोलावणार नाही, असं मी धरूनच चाललो. नवरीचे बाबा खिडकीशी वाकले. "उठली का, बाबू?" "झालंच काका, उठली." ते हळूच म्हणाले, "अजून जरा उठू दे ना गा." आणि मागचं दार उघडून लेकीजवळ जाऊन बसले. मी बाहेर मान काढून ओरडलो, "थांबा, हवा भरून राहिली!" त्या माणसाचे उपकार मी अजून मानतो. आता सुट्टी संपून मी गावाहून मस्कतला निघतो तेव्हा माझी लेक टॅक्सीत क्षणभर माझ्याजवळ येऊन बसते, आणि मेली टॅक्सी एका झटक्यात चालू होते.