मेळघाटात न गेलेली सातवी

मला राग लवकर येतो, हे पातूर तालुक्यातल्या निम्म्या शिक्षकांना माहीत आहे. येतो तसा तो उतरतोही. पण त्या वर्षी मार्चमध्ये आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे.

माझी शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. मी अकोल्याहून रोज एसटीने जाते-येते. सातवीनंतर मुलांना तालुक्याच्या शाळेत जावं लागतं आणि मुली बहुधा जात नाहीत. त्या वर्षी सरकारने योजना काढली, सातवीच्या मुलांसाठी मेळघाटात दोन दिवसांचं निसर्ग शिबिर. बस, जेवण, मुक्काम, सगळं सरकारी खर्चाने. पैसे जिल्ह्यावरूनच परस्पर बसवाल्याला आणि जेवणवाल्याला मिळणार होते. आम्ही फक्त मुलं गोळा करायची आणि त्यांच्याबरोबर जायचं.

अकोल्यात त्याची सभा झाली. शिक्षण खात्याचे जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "खरं सांगायचं तर खेड्यातल्या पोरांना कसलं निसर्ग शिक्षण? माशाच्या पिल्लाला कोणी पोहायला शिकवतं का?" सगळे हसले. हसणाऱ्यांत खेड्यावरचेच शिक्षक जास्त होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या पोरी वावरात असतात त्या तण निंदायला आणि कापूस वेचायला. पाखरू बघायला क्षणभर थांबल्या तर मागून ओरडा बसतो." साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढचा विषय घेतला.

मला एवढं झोंबायचं कारण आहे. मी अमरावतीची. सातवीत असताना आमच्या बाईंनी आम्हाला चिखलदऱ्याला नेलं होतं, तेही सरकारी पैशानेच. एका सकाळी त्यांनी आम्हाला सागाच्या झाडांखाली लांब लांब बसवलं आणि सांगितलं, अर्धा तास काही करायचं नाही, फक्त ऐकायचं. घरात चार भावंडांत मी थोरली. काही करू नकोस, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं. मी पुढे शिकले ती त्या अर्ध्या तासामुळे, असं काही मी म्हणणार नाही. पण तो अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो.

माझ्या सातवीत एक मुलगी होती. वर्गात बसल्या बसल्या बाहेरचा आवाज ऐकून पक्षी सांगायची, आणि कधी चुकायची नाही. शिबिराचं कळल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, जंगल कोणाचं वावर असते?"

"कोणाचंच नाही."

"मंग तिथं काम कोण करते?"

मी म्हटलं, कोणीच नाही. तिला ते पटलं नाही. खोटं कशाला सांगता, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. त्याच दिवशी मी ठरवलं की बाकी कुणी येवो न येवो, हिला न्यायचंच. ती पुढे शाळेत जाणार नव्हती. तिला असं न्यायला सरकार पुन्हा येणार नव्हतं.

तिची आई मजुरीला जाते. एकटीच्या जोरावर दोन मुली वाढवते. तिच्या घरी मी तीनदा गेले. पहिल्यांदा तिने चहा दिला आणि विषय टाळला. दुसऱ्यांदा म्हणाली, "पोरगी रातभर घराबाहेर कशी ठेवू मॅडम? लोक काय म्हणतीन?" तिसऱ्यांदा मात्र म्हणाली, "तुमी सोबत हाय न? मंग नेजा. तुमच्या जबानवर देतो." तिच्यासारख्या बाईने नुसत्या शब्दावर मुलगी देणं म्हणजे काय, ते वऱ्हाडात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

शिबिर डिसेंबरात व्हायचं होतं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या आठ-दहा शाळांवर देखरेख करणारे, दर वेळी फोनवर सांगायचे, "पैसे येऊन राहिले मॅडम." मुलगी रोज विचारायची. मी रोज काहीतरी सांगायची.

जिल्ह्याला पैसे आले ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. अकोल्याच्या मार्चमध्ये दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. पैशांबरोबर निरोपही आला: उद्या संध्याकाळपर्यंत शिबिराचे फोटो पोर्टलवर टाका, नाहीतर निधी परत जाईल. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे घोड्यालाच वरात एका दिवसात उरकायची होती.

केंद्रप्रमुख वाईट माणूस नाही. फोनवर म्हणाले, "मॅडम, फोटो टाकून द्या. पैसा वाचला पायजे. शिबिर मंग आरामात करू, सुट्ट्या लागाच्या आंदी. साऱ्यांनीच टाकले." मला त्यात वावगं वाटलं नाही, हेच मला आज सहन होत नाही. आमच्या नोकरीत आधी कागद आणि मग काम. सभेच्या आधी सभेच्या हजेरीवर सही, प्रशिक्षणाच्या आधी प्रशिक्षणाचा अहवाल. वीस वर्षं मी अशाच सह्या केल्या, आणि कामही नंतर बहुतेक वेळा केलं. इथेही तसंच होईल असं धरून चालले.

शाळेमागच्या नाल्यावर दोन बाभळींना शिबिराचा बॅनर बांधला. मुलांना टोप्या घालून ओळीने उभं केलं. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आपण मेळघाटात जाऊ तवा बी असाच काढाचा का?" मी म्हटलं, तेव्हा खरा काढू. फोटो टाकल्यावर पोर्टलवर हिरव्या अक्षरांत उमटलं, कार्यक्रम पूर्ण.

आठवड्याने मी बससाठी फोन केला. कुणी दाद देईना. केंद्रप्रमुख फोन उचलेनात. शेवटी रजा टाकून अकोल्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाबूने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "तुमचं तर झालं मॅडम. ह्या तुमीच न?"

मीच होते. बॅनरशेजारी, हसत. फोटोखाली जागेचे अक्षांश-रेखांश छापून आले होते, आमच्या गावाचे. मी त्याला ते दाखवलं. म्हटलं, हे मेळघाट नाही, हा आमचा नाला आहे, इथे बसलेल्या कुणालाही हे दिसलं कसं नाही? तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे तुमी खोटा फोटो टाकला. तसं लिहून देता का?" आणि कोरा कागद पुढे सरकवला.

भर सभेत साहेबांना उत्तर देणारी मी. त्या कागदाकडे बघत मी उभी राहिले. नोकरी डोळ्यांसमोर आली, चौकशी आली, पेन्शन आली. मी लिहून दिलं नाही. पाणी प्यायले आणि बाहेर पडले. बसचे आणि जेवणाचे पैसे कुणाला मिळाले, मला आजही माहीत नाही. मी शोधलंही नाही, कारण शोधायला गेलं की आधी तो कागद भरावा लागला असता.

मुलीला मी सांगितलं, शिबिर रद्द झालं. ती "बरं" म्हणाली. निकाल घेतला आणि गेली.

पुढच्या वर्षी चमत्कार झाला. पैसे वेळेवर आले, डिसेंबरात खरीखुरी बस ठरली. तिची धाकटी बहीण आता सातवीत होती. मी पुन्हा त्या घरी गेले. आई कापूस वेचून नुकतीच आली होती, थोरली चुलीपाशी होती. थोरलीने मला पाणी दिलं आणि पुन्हा चुलीकडे वळली. मी आईला सगळं सांगितलं, बस, तारीख, मुक्काम.

ती म्हणाली, "फोटो काढाचा असन त सांगजा मॅडम. तिची वेणी घालून शाळेत पाठवतो. लायनीत उभी राहीन. बस कायले पायजे?"

टोमणा असता तर मी भांडले असते. तिला खरंच तसं वाटत होतं. मॅडमचं काम अडू नये म्हणून ती मदत करत होती. मी म्हटलं, या वेळी खरंच जायचं आहे. ती हसली आणि म्हणाली, "हो न," आणि चहा टाकायला उठली.

शनिवारी सकाळी बस निघाली. गाव संपतं तिथल्या वावरात त्या तिघी मायलेकी कापूस वेचत होत्या. मुलांनी धाकटीला ओळखलं आणि खिडकीतून तिच्या नावाने हाका मारायला लागली. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.