बिननात्याची खाट

सरकारी वृद्धाश्रमाच्या तळघरात धुलाईखातं होतं, आणि त्या खात्यात भिंगरी कामाला होती. भिंगरी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ती घटकाभर एका जागी टिकायची नाही, म्हणून थोरल्या बहिणीने ते ठेवलं होतं. त्या नावाने हाक मारणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. ते माणूस, म्हणजे तिची अक्का, त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या फुकट वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होती. आणि तिथे तिला भिंगरी म्हणायची अक्काला चोरी होती.

त्याचं असं झालं. म्हातारी माणसं फार झाली, कमावती थोडी उरली, सरकारच्या तिजोरीला भार पेलेना, असं वरून सांगण्यात आलं. तिजोरी भरलेली होती तेव्हा ती बघायला भिंगरीला कुणी बोलावलं नव्हतं, पण रिकामी झाल्याचं मात्र तिला सगळ्यांच्या आधी कळलं. साबणाची पावडर निम्म्यावर आली. फुकट वॉर्डातल्या चादरी रोज बदलायच्या, त्या दिवसाआड झाल्या, मग आठवड्यातून दोनदा. तिचं स्वतःचं निवृत्तीचं वयही दोन वेळा पुढे ढकललं गेलं. माणसं हल्ली जास्त जगतात, असं कारण सांगितलं. असतील जगत, पण तळघरातली तिची जोडीदारीण पहिल्यांदा वय वाढलं त्याच वर्षी गेली, आणि तिच्या जागी कुणाला घेतलं नाही. दोघींचं काम एकटीवर पडलं.

दुसरा मजला पैसेवाल्यांसाठी उघडला. त्यांच्या पैशातून खालच्यांचं भागेल, असा हिशेब होता. दुसऱ्या मजल्याच्या चादरींना हिरवी किनार होती आणि त्या रोज बदलायच्या. धुलाईयंत्र एकच, पाणी एकच, घाणही सारखीच. म्हातारपणी पैसेवाल्यांच्या अंगाखाली काही अत्तर निघत नाही. पण हिरव्या किनारीचा गठ्ठा आधी लावायचा, बिनकिनारीचा साबण उरेल तसा. खालच्यांचं भागलं ते असं.

मग नियम आला की ज्याचं रक्ताचं कमावतं माणूस हयात आहे, त्याला फुकट खाट मिळणार नाही.

अक्का तेव्हा भिंगरीच्याच खोलीत राहत होती. दोघींची आई गेली तेव्हा अक्का सोळाची होती, भिंगरी चारची. अक्काने लग्न केलं नाही. "एक पदरात आहे तेवढी पुरे," म्हणाली. जन्मभर तिने लोकांच्या घरी आजारी म्हाताऱ्यांचं केलं; त्यांना उठवलं, पुसलं, भरवलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या. पण ते सगळं रोजावर, हातावर मिळालेल्या पैशांवर. कुठे नोंद नाही, कुणी तिच्या नावाने एक छदाम भरला नाही. नोंद नाही म्हणजे सरकारच्या लेखी अक्का जन्मभर बसून खात होती. तिला पेन्शन कसली?

एक दिवस अक्का जिन्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मग भिंगरी सरळ मार्गाने अर्ज घेऊन गेली.

"यांना तुम्ही आहात की," कारकून म्हणाला.

"मी पहाटे घर सोडते, अंधार पडल्यावर येते. दिवसभर हिला पाणी कोण देणार?"

"मग काम सोडा."

"आणि खाऊ काय?"

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने खरोखर विचार केला. "तुमचं वय झालं की तुम्हीही अर्ज करा," तो म्हणाला, आणि कुठे नोंद न करताच त्याने कागद परत दिला.

युक्ती अक्काचीच. सरकारी दवाखान्यात ती पडून होती, तिथूनच तिने सांगायचं ठरवलं की मला कुणी नाही. भिंगरी रडायला लागली तर म्हणाली, "अगं, लग्न जमवताना लोक वय चोरतात, मी बहीण चोरते. त्यात काय मोठं?" लग्नानंतर भिंगरीचं आडनाव बदललं होतं, नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. दवाखान्याच्या गाडीने अक्का वृद्धाश्रमात आली, आणि भिंगरी दारात चादरींची ढकलगाडी घेऊन परक्यासारखी उभी राहिली.

त्या इमारतीत नात्यांना काही तोटा नव्हता. खाटेवरची प्रत्येक बाई आजी, वॉर्ड सांभाळणारी ती मावशी, धुलाईवाली भिंगरी ही सगळ्यांची ताई. एवढ्या आज्या-मावश्या-ताया एखाद्या लग्नघरातही सापडायच्या नाहीत. फक्त खरं नातं तिथे चालत नव्हतं.

पहिले काही महिने दोघींना या खेळाची गंमतच वाटली. भिंगरी चादर बदलायला यायची आणि मोठ्याने म्हणायची, "आजी, जरा कुशीवर वळा." अक्का वळता वळता पुटपुटायची, "मेले, मी तुझी आजी कधीपासून?" भिंगरी ओठ चावून हसू दाबायची. चादरीच्या कोपऱ्याआड ती अक्काचा हात धरायची, तेवढंच. गठ्ठ्यातली त्यातल्या त्यात मऊ, कमी ठिगळांची चादर खिडकीजवळच्या खाटेला जायची. याला चोरी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

दुसऱ्या मजल्यावर दुपारी मुली यायच्या. आईच्या पायाशी बसायच्या, केस विंचरायच्या, "आई, आई" करून मजला डोक्यावर घ्यायच्या. भिंगरी हिरव्या किनारीच्या चादरी घेऊन तिथून जायची आणि तिचा जळफळाट व्हायचा. पैसे असले की माणसाला नातंही ठेवता येतं आणि खाटही. नसले की दोन्हींतलं एक निवडायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

मग अक्काचं डोकं साथ देईनासं झालं. आधी जेवली की नाही ते विसरायची. मग खिडकीबाहेरचा रस्ता तिला आपल्या जुन्या घरापुढचा वाटायला लागला. हे सगळं भिंगरीने सोसलं असतं. पण एका सकाळी सगळ्या वॉर्डादेखत अक्का म्हणाली, "भिंगरे, केस किती राठ झालेत गं तुझे! तेल लावत नाहीस का?"

मावशी पलीकडच्या खाटेवर कुणाला तरी भरवत होती. तिने चमचा तसाच धरून इकडे पाहिलं, मग पुन्हा भरवायला लागली. दुपारी ती धुलाईखात्यात उतरली आणि यंत्राच्या घरघरीत भिंगरीच्या कानाशी म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही. पण परवा पडताळणीवाली येतेय. लपवलेली नाती शोधतायत. सापडलं तर खाट काढून घेतात, आजवर इथे काढलेल्या सगळ्या दिवसांचा खर्च नातेवाइकाच्या पगारातून कापतात. आणि नातेवाईक इथलाच नोकर निघाला, तर त्याला घरी बसवतात."

"मी परवा वर येतच नाही," भिंगरी म्हणाली.

"येऊच नकोस. चादरी मी नेते."

ठरलं ते चांगलंच ठरलं होतं. पण त्या दिवशी अक्काची चादर खराब झाली आणि ती कुणाला हात लावू देईना. मावशीला तिने नखांनी ओरबाडलं, शेजारच्या खाटेवरचा पेला फेकला. पडताळणीवाली दारातच होती. "यांची चादर नेहमी कोण बदलतं?" तिने विचारलं. "त्यांना बोलवा ना. असं किती वेळ ठेवणार?" तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, म्हातारीची दया आली म्हणून ती म्हणाली. मावशीला खाली उतरावंच लागलं.

भिंगरी धुतलेली चादर घेऊन वर आली. अक्का खाटेच्या कडेला अंग चोरून बसली होती, ओल्या कपड्यात थरथरत. भिंगरीला पाहताच तिचा सगळा चेहरा उजळला.

"आलीस? भिंगरे, बघ गं या मला कसं करतायत! यांना सांग, म्हणावं हिची बहीण आहे मी."

भिंगरी म्हणाली, "आजी, मी धुलाईवाली. चला, चादर बदलू."

"पुरे गं आता," अक्का हसून म्हणाली. "किती दिवस खेळायचं हे?"

पडताळणीवालीने हातातले कागद खाली केले. "तुम्ही यांच्या कोण?"

"कुणी नाही, मॅडम. यांना सगळ्याच बहिणी वाटतात."

"मला तर आई म्हणतात," मावशी ओरबाडलेला हात पदरात लपवत घाईघाईने म्हणाली.

पडताळणीवालीने मान डोलावली, पण तिचं समाधान झालेलं दिसेना. ती अक्काजवळ गेली, अगदी वाकून, प्रेमाने म्हणाली, "आजी, नीट बघा हं. ही तुमची बहीण आहे का?"

अक्काने भिंगरीकडे पाहिलं. आणि भिंगरीने काय करावं? खोटं बोलणं सोपं असतं, ते तोंडाने करता येतं. डोळ्यांनी करणं फार कठीण. तिने सगळं बळ एकवटून डोळे विझवले. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीकडे बघावं, भिंतीकडे बघावं, तसं ती आपल्या अक्काकडे बघत राहिली. आतून तिला हंबरडा फोडावासा वाटत होता.

अक्का तिच्या तोंडाकडे बघत राहिली. हसू हळूहळू मावळलं. मग ती मागे सरकली आणि तिने ओला पदर छातीशी धरला.

"नाही," ती म्हणाली. "माझी बहीण माझ्याकडे असं बघत नाही."

पडताळणीवालीने कागदावर खूण केली. "बिचाऱ्या," ती मावशीला म्हणाली. "कुणीच नाही ना यांना." आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

खाट वाचली. भिंगरीने चादर बदलली, अक्काचं अंग पुसलं. आता अक्काने विरोध केला नाही. परक्या बाईच्या हातात माणूस जसं निमूट राहतं, तशी ती राहिली.

सगळे गेल्यावर भिंगरी धावत वर आली. वॉर्डात जेवणानंतरची सुस्ती होती. ती अक्काच्या कानाशी लागली, "अक्का, मी गं. भिंगरी. अगं, ते खोटं होतं." अक्का दचकली. "कोण तुम्ही? घाबरवता कशाला?" भिंगरीने लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, जुन्या घराचं, आईचं नाव घेतलं. अक्का सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हो, तुम्हाला कसं ठाऊक?" दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानंतर तेच. मावशीने आडून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच पुढे सरकतो, त्या दिवसाच्या गोंधळाशी त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांचं खरं असेल. भिंगरीला ते एक दिवसही पटलं नाही.

आता चोरट्यासारखा हात धरायचंही कारण उरलं नव्हतं. धुलाईवालीने एखाद्या आजीच्या कपाळावरून हात फिरवला तर त्याला कोण हरकत घेणार? भिंगरी ढकलगाडी घेऊन यायची, चादर बदलायची, आणि अक्का तिला "ताई, तुम्ही बऱ्या आहात हो" म्हणायची. थोरली बहीण धाकटीला ताई म्हणत होती, अहो-जाहो करत होती, आणि धाकटी ते ऐकून घेत होती. पुढच्या वर्षी पडताळणी पुन्हा झाली. अक्काला विचारलं तेव्हा तिने ठणकावून सांगितलं, माझं कुणी नाही. खूण लगेच झाली.

त्याच दिवशी भिंगरी तिची उशी सारखी करत होती, तेव्हा अक्काने तिचा दंड धरला आणि वॉर्डावरून एक नजर फिरवली.

"ताई, जरा कान इकडे करा. कुणाला बोलणार नाही ना?"

"नाही, आजी."

"मला एक बहीण आहे," अक्का कुजबुजली. "इथेच जवळपास असते. माझ्यापायी तिची नोकरी जायला नको, म्हणून मी सांगत नाही. ती भेटली तर तिला म्हणावं, काळजी करू नकोस. तू येत नाहीस ते बरोबरच करतेस."

भिंगरी उशीची सुरकुती पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली. अक्काने तिचा दंड हलवला, "सांगाल ना?"

"सांगते, आजी," भिंगरी म्हणाली.