नातीच्या टाकीतला बर्फ

घाटकोपरला शोभेचे मासे विकणारा एक गृहस्थ प्रत्येक सूचना तीनदा केल्याशिवाय गिऱ्हाईक सोडत नाही. ‘टाकीचं पाणी एकदम गार-गरम करू नका, आजोबा,’ हे नातीसाठी मासे घेताना ऐकून माझे कान किटले होते.

एप्रिल महिन्यात उकाडा असह्य झाला, तेव्हा मी नव्या फ्रिजमधला बर्फ नातीच्या टाकीत टाकला. एरवी एकाच वळणाने फिरणारे बारा मासे विखुरले. काही तळाशी निपचित पडले, काही काचेवर आपटू लागले. नात शाळेतून येण्यापूर्वी उपाय हवा होता, म्हणून नाइलाजाने त्याच्याकडे गेलो. दुकान बंद करून तो तसाच घरी आला.

‘बर्फ? सरबत करताय काय?’

बाहीसुद्धा वर न सारता त्याने कोपर बुडवून पाणी पाहिले आणि तांब्याने थोडे थोडे कोमट पाणी ओतत राहिला. मी कोमट पाण्याची अख्खी बादली ओतायला उचलताच ओरडला, ‘घाई नको, घाई नको, घाई नको!’

दोन तासांनी दहा मासे पुन्हा एकत्र फिरू लागले. दोन मेले.

नात आली, टाकीपाशी रडू लागली.

‘माझीच चूक, बाळ,’ तो म्हणाला, ‘ते दोन मी आजारीच दिले होते.’

मी त्याला तसे बोलायला सांगितले नव्हते. खोडूनही काढले नाही.