खंडोबावर रोखलेला व्हॉल्व

“फिरव! आधी फिरव तो बाण! देवावर बाण रोखतोस, मेल्या?”

आत्या ओसरीवरून ओरडत होती आणि मी अंगणातल्या चरात गुडघे टेकून, हातात पाइपपाना घेऊन बसलो होतो.

आमच्या घरी नळ मी बसवला. (हे वाक्य बेलापुरात आमच्या घरच्यांसमोर अजूनही कुणी मोठ्यानं म्हणत नाही.)

सत्तरनंतरची ती कोरडी वर्षं. पाऊस नुसता ढग दाखवून जायचा. अशात आमच्या गल्लीत नळाची लाइन आली. रस्त्यापर्यंत पाणी पंचायतीचं, तिथून पुढं ज्यानं त्यानं आपापला पाइप ओढायचा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, श्रीरामपूरहून फिटर आणायला निघाले.

“फिटर कशाला?” मी म्हणालो. “मी काय मेलोय?”

मी एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. सॉकेट, एल्बो, टी, रिड्यूसर ही सगळी मंडळी आपापल्या खणात माझ्या हाताखाली नांदायची. कुणी काहीही मागो, मी डोळे मिटून काढून देई! ती वस्तू पुढं कुठं जाते आणि काय करते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पण नाव आलं म्हणजे वस्तू आली, अशी माझी ठाम समजूत होती. (ती नोकरीभर टिकली. घरात टिकली नाही.)

सामान अंगणात मांडून मी घरच्यांना शिकवणीच दिली.

“हा एल्बो. पाइपाचं कोपर. सरळ जाणारं पाणी हा वळवतो. हा टी. एका पाइपाचे दोन करतो.”

“म्हंजे वाटणी,” आत्या म्हणाली. आत्या ही अण्णांची थोरली बहीण. घरात अण्णांचं चालायचं ते आत्या झोपलेली असताना.

“हा रिड्यूसर. जाड पाइप बारक्या पाइपाला जोडून देतो.”

“मध्यस्थ.”

“आणि हे युनियन. दोन पाइप जोडतं, पण उद्या सोडवायचे झाले तर बिनबोभाट सुटतात.”

“बिनबोभाट सुटत्यात?” आत्यानं ते हातात घेऊन निरखून पाहिलं. “मग त्याला जोडलं म्हनत न्हाईत, सद्या. टेकवलं म्हनत्यात.”

एका टीचभर तुकड्याचं दुकानातलं इंग्रजी नाव आत्यासमोर घेण्यासारखं नव्हतं. तो मी मुकाट्यानं धोतराच्या ओच्याखाली सरकवला आणि शेवटी मानाची वस्तू वर उचलली.

“हा नॉन-रिटर्न व्हॉल्व! नळाचं पाणी पहाटे तासभर येणार, त्यात न्हाणीवरची टाकी भरणार. लाइन बंद झाली की टाकीतलं पाणी उतरून रस्त्याच्या पाइपात परत जाईल की नाही? हा जाऊ देत नाही. आलं ते आपलं!”

अण्णा तर हरखूनच गेले. दुष्काळात असा दरवान कुणाला नको?

आता यात आईचा जीव कसा अडकला होता, ते सांगतो. आम्ही पाणी भरायचो शेजारच्या दगडूतात्यांच्या आडावरून. तात्यांची बायको भागूकाकू पाणी देई, पण नुसतं देत नसे. “भरा वैनी, भरा. आमी काय आडाला कुलूप घालतो का? गरिबाला न्हाई म्हनवत न्हाई मला.” दर घागरीमागं एक वाक्य. आईनं ती वाक्यं वर्षानुवर्षं पाण्याबरोबर वाहिली होती.

नळाच्या पूजेला मुहूर्त निघाला पावणेअकराचा. पाणी यायचं पहाटे. (पंचांगाचं आणि पंचायतीचं तेव्हापासून जमत नाही.) मुहूर्ताला तोटी कोरडी नको, म्हणून आदल्या दिवशी आईनं काकूच्या आडावरून घागरी आणून आणून टाकी भरली. शेवटची घागर काखेत घेतली, दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि काकूला ऐकवलं, “भागूबाई, तुमच्या आडाला आता इसावा द्या. उद्यापासनं आमचा नळ.”

घरी आली ती सरळ माझ्याकडं. “सदा, बोलून बसलेय मी. उद्या हाच दोर घेऊन तिच्या दारात जायची पाळी आनू नगं.”

“आई,” मी छाती काढून म्हणालो, “मी स्टोअरमध्ये आहे.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं जोडून झालं, फक्त व्हॉल्व राहिला, तेव्हा आत्याला तो बाण दिसला. व्हॉल्वच्या पोटावर एक ठसठशीत बाण होता. रस्त्याकडून घराकडं, घरातून सरळ देवघरात, आणि देवघरात नेमका खंडोबाच्या टाकावर!

“आत्या, तो नुसता छाप आहे.”

“छाप असू दे न्हाईतर तोफ असू दे. कुळाच्या देवावर हत्यार रोखलेलं मी जिती असताना चालायचं न्हाई!”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. “फिरवला तर चालंल का रं?”

खरा कारकून कधी ‘मला माहीत नाही’ म्हणत नाही. मी क्षणभर विचार केला (केल्यासारखा दिसलो) आणि निकाल दिला, “न चालायला काय झालं? बाण ही कंपनीची निशाणी. नग तोच, तोंड तेवढं फिरलं. सदरा उलटा घातला म्हणून थंडी वाजते का?”

बाण रस्त्याकडं फिरला. आत्या शांत झाली. मी आटे सफेदा लावून आवळले आणि चर बुजवायला सांगितला.

पावणेअकराला अंगण गच्च भरलं. पहिलं पाणी घ्यायला बायका तांबे-कळशा घेऊन आल्या होत्या. आत्यानं टाकीत हळदकुंकू आणि तुळशीची पानं सोडली. नारळ फुटला. मी टाकीखालची चक्री फिरवली, तोटी उघडली.

तोटी म्हणाली, “खर्रर्र...”

करंगळीएवढी धार आली. मग सुतळीएवढी. मग तोटीनं एक दीर्घ श्वास आत ओढला आणि गप्प झाली.

“हवा आहे,” मी म्हणालो. “हवा निघून जाते.”

तेवढ्यात शेजारून भागूकाकूची आरोळी आली, “आलं! आगं बया, आलं! भरदिसा नळाला पानी आलं!”

पाणी आल्याचा आवाज कळावा म्हणून नळाची तोटी उघडीच ठेवायची, अशी आमच्या गल्लीची रीत. नळ काकूनंही घेतला होता, पण उताराला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. आमचा उंचावर, मानानं छातीइतका. आमच्या पूजेच्या बायका तांब्या-कळशांसह जागच्या जागी वळल्या आणि काकूच्या दाराकडं पळाल्या! अंगणात उरलो आम्ही आणि नारळाच्या करवंट्या.

“टाकीत पाणी कमी पडलं असेल,” मी म्हणालो. अण्णा शिडीवर चढले आणि पिण्याचा हंडा टाकीत रिकामा केला.

शेजारून आरोळी, “वाढलं! धार वाढली!”

अण्णांनी न्हाणीतली बादली ओतली.

“अजून वाढलं! या गं, या!”

अण्णा थांबले. शेजारून, “गेलं गं, गेलं...”

“बघा,” मी म्हणालो, “मेन लाइनचं प्रेशरच आज चंचल आहे.”

घरातलं सगळं पाणी संपलं तेव्हा भागूकाकू आली. डोक्यावर घागर, चेहऱ्यावर दानशूर हसू. “घ्या वैनी. तुमच्या नळाला न्हाई आलं म्हनं. आमच्याकडं देवानं लई दिलं आज. गरिबाला न्हाई म्हनवत न्हाई मला.”

आईनं घागरीत वाकून पाहिलं. पाणी गुलाबी होतं. वर तुळशीचं पान तरंगत होतं.

आई काकूला एवढंच म्हणाली, “ठेवा.”

काकू दाराबाहेर गेली तशी ती माझ्याकडं वळली. आड काकूचा, आता नळही काकूचाच. मधल्या मधे खांदे फक्त आईचे गेले होते. मी बोलायला तोंड उघडलं.

“स्टोअर बंद कर,” आई म्हणाली, “आन् चर उकर.”

मी व्हॉल्व सोडवला, एका बाजूनं फुंकून पाहिलं, दुसऱ्या बाजूनं फुंकून पाहिलं. एकीकडून माझा श्वास आरपार गेला, दुसरीकडून गाल फुगले. बाण खरं बोलत होता! पण तो घराकडं फिरवायचा म्हणजे पुन्हा खंडोबा आणि पुन्हा आत्या.

तोड आत्यानंच काढली. देवघरातून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि बाणावर चांगला बोटभर थापला. “आता त्यो बान न्हाई. आता त्यो बी देव. देवानं देवाकडं बघितलं तर बघू दे.” हात जोडले आणि मला म्हणाली, “बसव.”

दुसऱ्या पहाटे पाणी आलं. टाकी भरली, आईनं हंडे, कळशा, परात, अगदी ताकाचा डेरासुद्धा भरला, आणि दुपार झाली तरी तोटी फिरवली की धार चालूच. अण्णांनी मला ‘फिटर’ म्हणून हाकही मारली, तीही लोकांदेखत.

मी दुपारपाळीला निघालो होतो. सायकल अंगणातून काढतोय, तोच भागूकाकू भिंतीवरून डोकावली.

“काय वो वैनी, आज आमच्या नळाला टिपूस न्हाई. मगाधरनं तोटी उघडी टाकून बसलेय. काल तर भरदिसा धो धो आलं हुतं!”

अण्णांनी खाली पाहिलं. आत्यानं वर पाहिलं. आईनं नळाखालची कळशी बाजूला घेतली आणि तोटी बंद केली.

“काल सदाची सुट्टी हुती,” ती म्हणाली.